कंसातली तारीख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत आधुनिक काळातल्या क्रांत्यांवर पानभर लेख आला. विषय आवडीचा, म्हणून हातात पेन्सिल घेऊनच वाचायला बसले. छत्तीस वर्षे मुद्रितशोधन केले, त्यातली बरीचशी इतिहासाच्या पुस्तकांवर गेली. निवृत्त झाल्यावरही छापील ओळ दिसली की डोळा आधी चूक शोधतो आणि मजकूर मागाहून वाचतो. लेख संपला तेव्हा समासात तीन खुणा झाल्या होत्या. तेवढ्यावर भागले असते तर पोस्टकार्ड पुरले असते. पण तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत, आणि लेखाचा मुख्य मुद्दाही त्याच जातीचा घसरला आहे असे मला वाटते. म्हणून हे लांबलेले पत्र.

पहिली खूण. लेखात म्हटले आहे की १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने बॅस्टिल फोडून ‘शेकडो राजकैद्यांना’ मुक्त केले. आत कैदी होते सात. चौघे खोट्या हुंड्या करणारे, दोघांचे डोके फिरलेले, आणि एक उमराव, ज्याला त्याच्याच घरच्यांनी विनंती करून आत ठेवले होते. लोक कैद्यांसाठी आलेच नव्हते. त्याच सकाळी त्यांनी दुसऱ्या ठिकाणाहून बंदुका मिळवल्या होत्या, दारू हवी होती, आणि दारूची पिंपे बॅस्टिलमध्ये होती. इतके साधे कारण.

गंमत नंतरची आहे. पाडकामाचा ताबा घेतलेल्या पालॉय नावाच्या गृहस्थाने त्या किल्ल्याच्या दगडांतून बॅस्टिलच्या छोट्या प्रतिकृती घडवून घेतल्या आणि फ्रान्सच्या ८३ विभागांना एकेक पाठवून दिली. ज्यांनी किल्ला कधी पाहिला नव्हता त्यांना आपण काय पाडले ते अशा रीतीने घरपोच कळले. पुढे १८८० मध्ये कायद्याने १४ जुलै हा राष्ट्रीय सण ठरला. त्या कायद्यात तारीख आहे, साल नाही! १७८९चा रक्तपात नको असणाऱ्यांना १४ जुलै १७९०चा एकोप्याचा सोहळा आठवता यावा, अशी ती सोय होती. माझ्यासमोर असे प्रूफ आले असते तर मी समासात ‘साल?’ असे लिहून परत पाठवले असते, आणि एक अख्खी राजकीय तडजोड उधळून लावली असती.

दुसरी खूण रशियाची. लेखातला चौकोन सांगतो की २५ ऑक्टोबर १९१७ रोजी ऑक्टोबर क्रांती झाली, ‘आणि पुढे ७ नोव्हेंबर रोजी बोल्शेविकांनी सत्ता हाती घेतली’. काय झाले असेल ते मला अगदी डोळ्यांपुढे दिसते. मूळ मजकुरात ‘२५ ऑक्टोबर (७ नोव्हेंबर)’ असे असणार. कुठेतरी कंस गळला, मग वाक्य जोडायला कुणीतरी ‘पुढे’ घातले, आणि एका क्रांतीच्या दोन झाल्या. रशिया तेव्हा जुन्या ज्युलियन पंचांगावर होता आणि तेरा दिवस मागे चालत होता. म्हणून ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरात येते आणि फेब्रुवारी क्रांती मार्चमध्ये. २३ फेब्रुवारीला पेट्रोग्राड या तेव्हाच्या राजधानीत बायका भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या तो इतर जगाचा ८ मार्च होता. नव्या सरकारने हा घोळ एका हुकमाने मिटवला. ३१ जानेवारी १९१८च्या दुसऱ्या दिवशी १४ फेब्रुवारी उजाडला. ज्यांचा वाढदिवस ५ फेब्रुवारीला होता त्यांना त्या वर्षी तो मिळालाच नाही.

तिसऱ्या खुणेबद्दल बोलताना मला स्वतःचा कान धरावा लागेल. ‘इटलीचा पहिला राजा व्हिक्टर इमॅन्युएल पहिला’ असे आपण छापले आहे. हीच चूक मी केली आहे. नोकरीला लागून वर्षही झाले नव्हते. एका पाठ्यपुस्तकाच्या प्रुफात ओळ आली, ‘व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा हा इटलीचा पहिला राजा झाला.’ दुसरा आणि पहिला एकाच ओळीत! अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला डुलकी लागली असणार असे समजून मी ‘दुसरा’ खोडला, वर ठसठशीत ‘पहिला’ लिहिले, आणि लेखकांना विचारलेही नाही. पुस्तक छापून झाल्यावर लेखकांचे कार्ड आले. त्यावर एकच ओळ होती, ‘माझ्या राजाला बढती कुणी दिली?’ मग शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या छापल्या, आणि शिक्षा म्हणून प्रत्येक प्रतीत खळ लावून त्या चिकटवण्याचे काम माझ्याकडे आले. तीन दिवस बोटे चिकट होती. तेव्हापासून तो ‘दुसरा’ मी विसरलेले नाही.

आणि त्या ‘दुसरा’मध्येच इटलीच्या एकीकरणाची अर्धी गोष्ट आहे. हा राजा मूळचा सार्डिनियाचा, म्हणजे मुख्यतः पीडमाँटचा. तिथे तो दुसरा होता. १८६१ मध्ये इटलीचे राज्य जाहीर झाले तरी त्याने आपला आकडा बदलला नाही. नव्या देशाची जी पहिली संसद भरली तिलाही ‘आठवी’ म्हटले गेले, कारण आधीच्या सात सार्डिनियाच्या. तुरीनमधून, म्हणजे पीडमाँटच्या राजधानीतून, पाहिले तर नवा देश जन्मलाच नव्हता, जुने घर वाढवले होते. दक्षिणेतल्या माणसाने त्यातून काय समजायचे? तिथे पुढची कित्येक वर्षे ‘दरोडेखोरांचा बंदोबस्त’ या नावाखाली लष्कर लढत होते. इटालियन म्हणून जी भाषा पुस्तकात होती ती घरात बोलणारे फार थोडे. खुद्द पंतप्रधान काव्हूरला फ्रेंचमध्ये लिहिणे अधिक सोपे जाई.

आता लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येते. लेखकाचे म्हणणे असे, की सुधारणा रखडतात, क्रांती मात्र ‘एका दिवसात राष्ट्राला नवी ओळख देते’. दिवस देते हे खरे. ओळख कुठे तयार होते ते पाहायचे तर मी दुसरीकडे बोट दाखवीन. घड्याळ, वजनमाप, मुळाक्षरे, वहीच्या कोपऱ्यात लिहायची तारीख. आमच्या धंद्यात एक गोष्ट फार लवकर कळते. दुरुस्ती लेखकाला स्वतःला हवी असेल तर ती टिकते. नको असेल तर तो मान डोलावतो आणि पुढच्या आवृत्तीत जुनाच शब्द गुपचूप परत घालतो.

फ्रेंच क्रांतीइतके याचे चांगले उदाहरण नाही. त्यांनी काळच नव्याने मोजायला घेतला. ऑक्टोबर १७९३ मध्ये नवे कॅलेंडर आले आणि त्याची सुरुवात मागे नेऊन २२ सप्टेंबर १७९२ला धरली. म्हणजे ‘वर्ष पहिले’ जाहीर झाले तेव्हा ते संपूनही गेले होते. बारा महिने, प्रत्येकी तीस दिवस, आठवड्याऐवजी दहा दिवसांचा दशक, उरलेले पाच-सहा दिवस वर्षाच्या शेवटी सणांसाठी. महिन्यांची नावे फाब्र देग्लांतिन या कवी-नाटककाराने दिली. धुक्याचा ब्रुमेर, कोंब फुटण्याचा जेर्मिनाल, उकाड्याचा थर्मिदोर. कानाला गोड नावे. कवीचे डोके गिलोटिनखाली गेले ते त्याने स्वतः बारसे केलेल्या जेर्मिनालमध्येच, वर्ष दुसरे, म्हणजे ५ एप्रिल १७९४.

पण कवितेने पोट भरत नाही. सातव्या दिवसाची सुट्टी दहाव्या दिवसावर गेली, हे हिशेब न येणाऱ्यालाही समजत होते. त्यातच दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटे अशी घड्याळे सक्तीची केली. ती सक्ती सात महिनेही टिकली नाही. १८ जेर्मिनाल, वर्ष तिसरे, म्हणजे ७ एप्रिल १७९५ या दिवशीच्या कायद्याने दहा तासांचे घड्याळ बेमुदत तहकूब केले. आणि त्याच कायद्याने मीटर, लिटर आणि ग्रॅम दिले. एकाच कागदावर एक गोष्ट पुरली आणि दुसरी जगभर पसरली! हा कायदा शाळेत एकदा तरी वाचून दाखवावा असे मला फार वाटते. जनक तेच, दशमानाचे वेडही तेच. फरक इतकाच की घड्याळाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मापांबद्दल मात्र सगळ्यांचीच होती. एकाच नावाचे माप गावागणिक वेगळे, आणि धान्य घेताना जमीनदाराचे माप मोठे. १७८९ मध्ये राजाकडे जी गाऱ्हाणी गेली त्यांत सगळीकडे एकच माप असावे ही मागणी पुन्हा पुन्हा येते. इथला लेखक म्हणजे जनता, आणि तिला ही दुरुस्ती हवी होती.

तरी मीटरसुद्धा सुखाने रुजला नाही. नेपोलियनने १८१२ मध्ये व्यवहारात जुन्या नावांची मापे परत येऊ दिली, आणि १ जानेवारी १८४० पासून मीटर पुन्हा सक्तीचा झाला. म्हणजे बॅस्टिल पडल्यानंतर पन्नास वर्षांनी. राजाचे दोन भाऊ आणि एक सम्राट गादीवर येऊन गेल्यानंतर. कॅलेंडर तर नेपोलियननेच १ जानेवारी १८०६ पासून गुंडाळले. त्यातल्या दोन तारखा मात्र इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात उरल्या. क्रांतीतल्या दहशतीच्या पर्वाचा नेता रोब्सपिएर पडला तो ९ थर्मिदोर आणि नेपोलियनने सत्ता बळकावली तो १८ ब्रुमेर. पुन्हा कंस, पुन्हा आम्ही.

रशियाने हाच धडा दुसऱ्यांदा गिरवला. १९२९ मध्ये कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला वेगळा सुट्टीचा दिवस दिला, म्हणजे यंत्र कधी थांबायला नको. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, शाळेतल्या मुलाची तिसऱ्या. दोन वर्षांत त्याचा सहा दिवसांचा आठवडा झाला आणि १९४० मध्ये सात दिवसांचा जुना आठवडा मुकाट परत आला. दोन्ही क्रांत्यांना राजा हटवता आला, रविवार नाही.

पण अक्षरांचे काय? इथे माझा नियम थोडा डगमगतो, ते कबूल करते.

क्रांतीनंतर रशियाने आपल्या वर्णमालेतून काही अक्षरे काढून टाकली. ही बोल्शेविकांची कल्पना समजली जाते. प्रत्यक्षात तिथल्या विज्ञान अकादमीची समिती १९०४ पासून त्यावर बसली होती, आणि झारनंतरच्या हंगामी सरकारनेही १९१७ मध्ये ती सुधारणा स्वीकारली होती. फाइल जुन्यांची, शिक्का नव्यांचा. शब्दाच्या शेवटी व्यंजन आले की त्यामागे एक मुके अक्षर लिहायची रीत होती. उच्चार काही नाही, जागा मात्र खाणार. ते शब्दान्ती बंद झाले. जुन्या लेखनात ‘शांतता’ आणि ‘जग’ या अर्थांचे दोन ‘मिर’ वेगवेगळ्या अक्षरांनी लिहीत, ते आता सारखेच दिसू लागले. छापखाने ऐकेनात, तेव्हा खलाशी पाठवून त्या मुक्या अक्षराचे खिळेच जप्त केले.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा अंगावर काटा आला. माझ्या टेबलामागेच जुळाऱ्यांची खोली होती. खिळ्यांच्या केसमधला एखादा खण रिकामा होणे म्हणजे काय ते मी रोज पाहिले आहे. लांबलचक मजकुरात ‘ष’ संपला की जुळारी दुसराच कुठलातरी खिळा उलटा घालून पुढे जाई. प्रुफात तिथे काळा ठिपका उठे, आणि दुसऱ्या फर्म्यातून, म्हणजे छापून झालेल्या पानांच्या जुळणीतून, ‘ष’ सुटला की तो बदलत. पेट्रोग्राडच्या जुळाऱ्यांना दुसऱ्या फर्म्यातून काही सुटणार नव्हते. अडचण अशी की ते अक्षर शब्दाच्या शेवटी फुकट असले तरी काही शब्दांच्या मध्ये लागतेच. मग त्यांनी तिथे अपॉस्ट्रॉफीचा खिळा लावायला सुरुवात केली, आणि ते वळण बरीच वर्षे टिकले. देश सोडून गेलेल्यांच्या वर्तमानपत्रांत जुने लेखन कित्येक वर्षे चालू राहिले. पुढे सोव्हिएत राजवट मावळताना निघालेल्या ‘कॉमर्सांत’ या वृत्तपत्राने तेच मुके अक्षर ऐटीत आपल्या नावाच्या शेवटी लावले. एका अक्षरावरून माणूस कोणत्या बाजूचा ते ओळखू यावे, याहून राष्ट्रीय ओळख ती आणखी काय असते?

तुर्कस्तानचे धाडस याहून मोठे. अरबी लिपीत तुर्की भाषेचे आठ स्वर नीट बसत नाहीत, ही ओरड एकोणिसाव्या शतकापासूनची. ऑटोमन युद्धमंत्री एन्व्हर पाशाने सैन्यात सुट्या सुट्या अरबी अक्षरांचा प्रयोग करून पाहिला आणि तो ऐन महायुद्धात फसला. मग १९२८च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमालने इस्तंबूलच्या एका बागेत नवी लॅटिन अक्षरे जाहीर केली, फळा-खडू घेऊन गावोगाव फिरला, आणि १ नोव्हेंबरला कायदा झाला. वर्तमानपत्रांना १ डिसेंबरची मुदत, पुस्तकांना १ जानेवारीची. समितीने काही वर्षांचा अवधी सुचवला होता. त्यावर तो ‘तीन महिन्यांत होईल, नाहीतर कधीच होणार नाही’ अशा अर्थाचे बोलल्याचे सांगतात. एका महिन्यात सगळे खिळे, सगळे जुळारी, सगळे मुद्रितशोधक बदलायचे! त्या डिसेंबरात त्यांच्यातले किती जण रात्री झोपले असतील?

आणि ते टिकले. माझ्या नियमाप्रमाणे टिकायला नको होते. विचार करताना लक्षात येते की तेव्हा तिथे वाचता येणारे दहातले जेमतेम एक. उरलेल्या नऊ जणांसाठी ती दुरुस्ती नव्हतीच, पहिलाच खर्डा होता. किंमत मोजली ती आधीपासून वाचणाऱ्यांनी, आणि नंतर त्यांच्या नातवंडांनी. खुद्द मुस्तफा कमालने १९२७ मध्ये सहा दिवस मिळून छत्तीस तास जे भाषण केले ते आधी जुन्या लिपीत छापले गेले. लिपीपाठोपाठ शब्दही बदलत गेले, इतके की पुढच्या पिढ्यांसाठी राष्ट्रपित्याच्या भाषणाच्या सोप्या तुर्कीत आवृत्त्या काढाव्या लागल्या.

शेजारच्या अझरबैजानमध्ये तर १९२०च्या दशकात अरबी जाऊन लॅटिन आली, १९४०च्या सुमारास मॉस्कोने ती काढून रशियन अक्षरे दिली, आणि १९९१ मध्ये स्वतंत्र झाल्यावर लॅटिन परत आली. सत्तर वर्षांत तीन बदल. आजोबांचे पत्र, वडिलांची वही आणि मुलाचे पुस्तक, तिन्ही एकाच भाषेत, आणि एकाला दुसऱ्याचे वाचता येत नाही. आपल्या लेखातल्या ‘नव्या ओळखी’चा हिशेब करताना हे खाते उघडायला हवे होते.

जपानचे थोडक्यात सांगते. मेजी सम्राटाच्या सरकारने नवे कॅलेंडर लागू केले तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची सूचना दिली, आणि बाराव्या महिन्याच्या २ तारखेनंतर थेट १ जानेवारी १८७३ उजाडला. येणारे वर्ष जुन्या पंचांगाने अधिक महिन्याचे होते. तेरावा पगार वाचला, आणि दोनच दिवसांच्या बाराव्या महिन्याचाही. पुढच्या वर्षाची पंचांगे छापून बसलेल्यांचे नुकसान झाले ते वेगळेच. माझी सहानुभूती कुणाकडे, हे सांगायला नको.

एक तक्रार मात्र चुकीबद्दल नाही, गाळण्याबद्दल आहे. पानभर लेखात कॅरिबियन समुद्रातला हैती एकदाही नाही. गुलामांनी उठाव करून स्वतःचे राज्य उभे केले, १ जानेवारी १८०४ला स्वातंत्र्य जाहीर केले, आणि फ्रेंचांनी दिलेले सां-दोमिंग हे नाव टाकून बेटाचे जुने नाव उचलले. ते ज्यांचे होते ते ताइनो लोक स्पॅनिश अमलात जवळजवळ नामशेष झालेले. मेलेल्यांच्या भाषेतले नाव घेऊन नवा देश उभा राहिला. १८०५च्या त्यांच्या राज्यघटनेत तर असे कलम आहे की यापुढे सगळे हैतियन ‘काळे’ याच एका नावाने ओळखले जातील. आणि तिथे नागरिकत्व मिळालेले पोलिश व जर्मनही होते. तेही कायद्याने काळे! राष्ट्रीय ओळख रक्तातून येते म्हणणाऱ्यांना याहून चोख उत्तर मला माहीत नाही. पुढे १८२५ मध्ये फ्रान्सने आपल्या मळेवाल्यांची भरपाई म्हणून हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले, युद्धनौका उभ्या करून. १८३८ मध्ये ते ९ कोटींवर आले. त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते विसाव्या शतकातही फिटत होते. ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ या शब्दांना आपण लेखात मोठा टाइप दिला आहे. त्याशेजारी लहान टाइपात हा आकडा बसला असता.

आपल्या देशातले उदाहरण मी मुद्दाम घेतलेले नाही. ते घेतले की पत्रांचा पाऊस पडतो आणि मूळ मुद्दा वाहून जातो, हा आपलाही अनुभव असेल.

तर विनंती एवढीच की येत्या अंकात शुद्धिपत्र द्यावे. ‘शेकडो राजकैदी’ऐवजी ‘सात कैदी’. ‘२५ ऑक्टोबर (७ नोव्हेंबर)’, कंसासह, आणि त्यानंतरचे ‘पुढे’ काढून टाकावे. ‘व्हिक्टर इमॅन्युएल पहिला’ऐवजी ‘दुसरा’. त्याआधीचा ‘इटलीचा पहिला राजा’ तसाच राहू द्यावा. आपल्याकडच्या कुणा नव्या मुलीने तो खोडायला पेन्सिल उचलली, तर तिला हे पत्र दाखवावे.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक
(नाव छापू नये)